सगळ्यात चांगला वॉर्ड

कोलशेतच्या कोळीवाड्यातली शेवंती नर्स झाली ती खाडीमुळे. खाडीत मासळी राहिली असती तर तीही आईसारखी टोपली घेऊन बाजारात बसली असती. पण ऐंशी सालानंतर पाण्याला निराळाच रंग चढायला लागला. ओहोटी लागली की चिखलावर तेलकट साय उरायची. तिचा बापूस दाजी होडीवरून उतरायचा तेव्हा त्याच्या पोटऱ्यांवर लाल चट्टे उठलेले असायचे. एकदा ते चट्टे खाजवता खाजवताच तो बायकोला म्हणाला, "ह्या पान्यान आता आपली पोरां जगाची नाय. शेवंतीला शिकव."

शेवंती शिकली. नर्सिंगचं ट्रेनिंग झालं, आणि शहाऐंशी साली तिला कल्याणच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात नोकरी लागली. पांढऱ्याशुभ्र ड्रेसवर ती पहिल्यांदा घरातून निघाली तेव्हा वाड्यातल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. दाजी बंदरापर्यंत सोबत आला, नुसता तिच्या पांढऱ्या बुटांकडे बघत राहिला.

तिला बायकांचा वॉर्ड मिळाला. तिथली इन्चार्ज होती चंद्रभागा सिस्टर. उंच, सडसडीत बाई. तिच्या डोक्यावरची कडक खळीची टोपी कधी तसूभर कलली नाही. बोलणं पुण्याच्या बायकांसारखं स्वच्छ, प्रत्येक 'ण' आणि 'ळ' जागच्या जागी. तिच्या वॉर्डातली फरशी आरशासारखी असायची आणि ट्रस्टी मंडळी पाहुण्यांना तिथेच फिरवायला आणायची. तिने आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता.

पहिल्या दिवशी तिने विचारलं, "कोलशेत म्हणजे कोळीवाड्यातलीच ना?"

"हो, सिस्टर."

"मग हात दोनदा धूत जा. पेशंटना वास नको यायला."

बाकीच्या सिस्टर हसल्या. शेवंतीही हसली. नवीन माणसाने हसायचं असतं, असं तिला वाटलं.

पुढे हसण्यासारखं काही राहिलं नाही. नारळी पुनवेची सुट्टी तिने महिनाभर आधी मागितली की नेमकी त्याच दिवशी तिला डबल ड्युटी लागायची. डॉक्टर राउंडला यायच्या आत औषधात काय बदल झाला ते सगळ्यांना सांगितलं जायचं, तिला सोडून, आणि मग डॉक्टरांसमोर चंद्रभागा सिस्टर मान तिरकी करून म्हणायची, "शेवंती, तुला हेसुद्धा ठाऊक नाही?" दुपारचा चहा सगळ्या मिळून घ्यायच्या. एक दिवस शेवंती कप घेऊन गेली तशा सगळ्यांना एकदम कामं आठवली. त्यानंतर ती कपाटाआड उभी राहून एकटीच चहा प्यायची.

अशा गोष्टी कुणाला सांगायला जावं तर सांगण्यासारखं हातात काहीच नसतं. तोवर तिचं लग्न होऊन ती डोंबिवली पश्चिमेला कोपरला राहायला आली होती. नवरा कान्हा कंपनीत कामाला होता, स्वभावाने भला. तो म्हणाला, "अगं, मारते का ती? पगार कापते का? मग झालं तर! साहेब लोक असेच असतात."

शेवंतीने तो विषय सोडला. रोज सकाळी कल्याणच्या पुलावरून उतरताना ती कठड्याला धरून थांबायची. ते थांबणं कुणाला काय म्हणून दाखवायचं?

वॉर्डातली मनुबाई आया मात्र सगळं बघत होती. तिची अर्धी हयात त्या फरशा पुसण्यात गेली होती. एकदा चादरींच्या घड्या घालता घालता ती खालच्या आवाजात म्हणाली, "बाय, मी इथं लई पोरी बघितल्या. कुनी रडून गेली, कुनी न रडता गेली. न रडता गेलेलीचं काय झालं ते कुनी इचारू नये."

"काय झालं, मावशी?"

मनुबाईने दाराकडे पाहिलं आणि चादर झटकली. "तू रडत जा गं," एवढंच ती म्हणाली.

त्र्याण्णव साली मुरबाडकडून तुळसा नावाची पोर नोकरीला आली. नुकतं ट्रेनिंग संपवून आलेली, काटकुळी, प्रत्येक गोष्ट दोनदा विचारून करणारी. नर्सने असंच असावं खरं तर. पण आठवड्याभरात चंद्रभागा सिस्टरने तिला सगळ्यांसमोर उभं केलं. हातात केसपेपर दिला आणि शांतपणे म्हणाली, "मोठ्याने वाच. पेशंटनाही कळू दे, त्यांचा जीव कुणाच्या हातात आहे ते."

डॉक्टरांचं अक्षर कुणालाच लागत नसे. तुळसा अडखळली, पुन्हा वाचायला लागली, पुन्हा अडखळली. खाटेवरच्या बायका आधी हसल्या, मग त्यांनीही माना खाली घातल्या. त्या दिवसापासून तुळसा काही विचारेनाशी झाली. शेवंतीने ते पाहिलं. आपल्यावरची नजर आता दुसरीकडे वळली म्हणून तिला जरा हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीच तिला भीती वाटली.

त्याच वर्षी दिवाळीनंतर कर्णिक मॅडम आल्या. ठाण्याच्या नौपाड्यात राहणाऱ्या, नर्सिंग कॉलेजात शिकवणाऱ्या. वरच्या पदवीसाठी त्यांनी एक अभ्यास घेतला होता: कामाच्या जागी नर्सेसचा छळ किती होतो, ते मोजायचं. सगळ्या सिस्टरना हॉलमध्ये बसवून त्या म्हणाल्या, "पेशंट म्हणतो अंग तापलंय. आपण काय करतो? थर्मामीटर लावतो. आकडा आला की डॉक्टर ऐकतात. मनाच्या त्रासालाही तसा आकडा लावून बघू या. नाहीतर आपलं म्हणणं कुणी मानणार नाही."

मागच्या रांगेत कुणीतरी खुसखुसलं. शेवंती मात्र ताठ बसली. इतकी वर्षं जे दाखवता येत नव्हतं ते दाखवायला कुणीतरी यंत्र घेऊन आलं होतं.

प्रश्न छापील होते. तुम्हाला कामाची माहिती मुद्दाम दिली जात नाही का? चारचौघांत अपमान होतो का? तुम्हाला वाळीत टाकलं जातं का? शंका विचारायची भीती वाटते का? उत्तरं ठरलेली: कधीच नाही, कधीकधी, दर आठवड्याला, रोज. खाली काही लिहायचं असेल तर मोकळी जागा. नाव घालायचं नाही, कागद पाकिटात घालून चिकटवायचा, असं मॅडमनी बजावून सांगितलं. पण कागद वाटायचे आणि गोळा करायचे काम त्यांनी मेट्रनवर सोपवलं, आणि मेट्रनने ज्या त्या वॉर्डाच्या इन्चार्जवर.

दुसऱ्या दिवशी ड्युटी बदलायच्या वेळी चंद्रभागा सिस्टरने कागदांचा गठ्ठा टेबलावर ठेवला.

"इथेच बसून भरा. पाकिटं मी परत केली. आपल्या वॉर्डात लपवण्यासारखं काय आहे?"

समोर खुर्ची टाकून ती बसली. एकेक सिस्टर यायची, टेबलावर वाकायची, 'कधीच नाही'वर भराभरा खुणा करत खाली यायची आणि उठायची. पेनाचा आवाज तेवढा ऐकू येत होता. शेवंतीची पाळी आली तेव्हा तिने सलाईन संपत आल्याचं निमित्त केलं, कागद खिशात घातला आणि चादरींच्या खोलीत जाऊन भरला. खुणा खऱ्या केल्या. मग खालच्या मोकळ्या जागेत लिहायला लागली तशी सात वर्षं तुंबलेलं सगळं हातात उतरलं. घाईघाईत तिने लिहिलं: 'इथं मना माणसांत धरत नाहीत. जेवायला वेल मिलत नाही. नव्या मुलींचे हाल जास्त.' वाचून न बघता कागद दुमडला आणि गठ्ठ्याच्या मधोमध सरकवला.

कागद भरायच्या आधी तुळसाने तिला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, "ताई, काय लिहायचं?"

"खरं असेल ते," शेवंती म्हणाली होती.

तुळसाने सगळीकडे 'कधीच नाही' लिहिलं, आणि फक्त एका प्रश्नावर, शंका विचारायची भीती वाटते का, तिथे 'रोज'वर खूण केली. चंद्रभागा सिस्टर समोरच बसली होती. तिने ती खूण पाहिली.

दोन दिवसांनी दुपारी शेवंतीला बोलावणं आलं. चंद्रभागा सिस्टर तिच्या छोट्या खोलीत मोसंबं सोलत बसली होती. "बस," ती म्हणाली. सात वर्षांत तिने पहिल्यांदाच बस म्हटलं होतं. दोन फोडी शेवंतीपुढे सरकवल्या. शेवंतीने त्या हातात घेतल्या, पण तोंडात घालवेनात.

"मना," चंद्रभागा सिस्टर म्हणाली.

शेवंतीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"मना. मिलत नाही. वेल." शेवंतीने घाईत लिहिलेले वाड्यातल्या बोलीतले शब्द ती एकेक करून, थांबत थांबत म्हणत होती. मग एकदम तिचा आवाजच बदलला, कुठल्या तरी खोल जागेतून आल्यासारखा. "माझ्या आयसला पन 'ळ' कवा जमला नाय. मिठागरान व्हती कामाला. पाय कुजलं तवा मेली. काय समाजलीस?"

शेवंतीने तिच्याकडे पुन्हा नीट पाहिलं. ही बाई आपल्याच खाडीकाठची! सात वर्षं त्याच बोलीतल्या माणसाने आपल्याला वासावरून हिणवलं.

चंद्रभागा सिस्टर पुन्हा स्वच्छ भाषेत बोलायला लागली. "मी ट्रेनिंगला होते तेव्हा माझ्या इन्चार्जने मला शब्दाशब्दाला उभं केलं. माझा डबा उकिरड्यात फेकला. तिनेच मला माणूस केलं. आणि तू याला छळ म्हणतेस?"

शेवंतीने फोडी टेबलावर ठेवल्या.

"तुझा कागद मी पुढे पाठवला नाही. तुझ्याच भल्यासाठी. तू काही लिहिलंच नाहीस, मी काही वाचलंच नाही." तिने मोसंब्याची सालं नीट गोळा केली. "तुळसाचाही ठेवून घेतलाय. ती पोरगी अजून कच्ची आहे. तिला घडवायला पाहिजे."

त्या दिवसापासून ती शेवंतीशी गोड बोलायला लागली. ड्युटी लिस्टमध्ये शेवंतीला हवे ते दिवस मिळू लागले. चहाला बोलावणं येऊ लागलं, आणि शेवंती गेल्यावर कुणाला कामंही आठवेनात. कप हातात धरून ती बसायची आणि दाराबाहेर तुळसा एकटीच ट्रे घेऊन जाताना दिसायची. ज्या चहासाठी ती इतकी झुरली होती तो आता कपात तसाच गार व्हायचा, पण उठून जाण्याची हिंमतही होत नव्हती. तुळसाच्या हातून काही राहिलं की सिस्टर हाक मारून म्हणायची, "शेवंती, तूच सांग हिला, आपल्या वॉर्डात त्रास असतो का?" आणि शेवंती मान हलवायची.

मार्गशीर्षात कर्णिक मॅडम निकाल सांगायला आल्या. फळ्यावर त्यांनी वॉर्डांची नावं मांडली होती. ऑपरेशन थिएटरचा आकडा वाईट होता, बाळंतिणींच्या वॉर्डाचा बरा. "आणि बायकांच्या वॉर्डात शून्य," मॅडम कौतुकाने म्हणाल्या. "हा सगळ्यात चांगला वॉर्ड. इथून आपण शिकलं पाहिजे." टाळ्या वाजल्या. चंद्रभागा सिस्टर उठून उभी राहिली आणि नम्रपणे हात जोडले. शेवंतीने टाळी वाजवली. शेजारी बसलेल्या तुळसाचे हात मांडीवरच पडून होते.

यानंतर थोड्याच दिवसांनी तो प्रकार झाला.

भीमाबाई नावाची म्हातारी मधुमेहासाठी भरती झाली होती. सकाळच्या नाश्त्याआधी तिला इन्सुलिन द्यायचं होतं. रात्रीच्या डॉक्टरांनी केसपेपरवर इंग्रजी सहाचा आकडा काढून त्याला चिकटूनच युनिटचा 'यू' लिहिला होता, आणि तो यू वरून बंद होऊन शून्यासारखा दिसत होता. सहाचे साठ झाले होते. तुळसा कागद घेऊन उभी राहिली. साठ? इतकं? पाच पावलांवर चंद्रभागा सिस्टर औषधांच्या कपाटापाशी चाव्या मोजत होती. तुळसा तिच्या दिशेने दोन पावलं गेली. सिस्टरने मान वर केली, नुसती पाहत राहिली. तुळसा मागे फिरली आणि तिने सिरिंज भरली, एकीत मावलं नाही म्हणून पुन्हा भरली.

शेवंती ड्युटीवर आली तेव्हा भीमाबाई पांघरूण दूर सारून घामाने भिजली होती. थंडीच्या दिवसांत! शेवंतीने कपाळाला हात लावला. गार, ओलं. "आजी, नाव काय तुमचं?" म्हातारीने ओठ हलवले, शब्द उमटला नाही. मग तिचे डोळे फिरले.

"काय दिलंस हिला?" शेवंतीने तुळसाला विचारलं. तुळसाने सांगितलं, आणि सांगतानाच तिला कळलं. तिथेच खाली बसली ती.

शेवंतीने डॉक्टरांना ओरडून बोलावलं, शीर धरली, ग्लुकोज चढवलं. म्हातारीचे दात घट्ट बसले होते. पहिली बाटली, मग दुसरी. बऱ्याच वेळाने भीमाबाईने डोळे उघडले आणि चिडक्या आवाजात चहा मागितला. मनुबाई पदर तोंडात धरून रडायला लागली.

दुपारपर्यंत चंद्रभागा सिस्टरचा रिपोर्ट मेट्रनच्या टेबलावर होता. बेजबाबदार, शिकायची तयारी नाही, वारंवार समज देऊनही सुधारणा नाही. नोकरीतून कमी करावं. तुळसा रडली नाही. तिचा कोरडा चेहरा पाहून शेवंतीला मनुबाईचं बोलणं आठवलं. त्या रात्री तिने तुळसाला क्वार्टर्सवर एकटीला राहू दिलं नाही, हाताला धरून आपल्या घरी कोपरला नेलं.

दुसऱ्या दिवशी ती नौपाड्यात कर्णिक मॅडमच्या दारात उभी राहिली.

"मॅडम, तुमचं शून्य खोटं आहे."

मॅडमनी आधी मानलं नाही. मग कागद कुठे भरले, कुणासमोर भरले, पाकिटं कुठे गेली, ते ऐकताना त्यांचा चेहरा उतरत गेला. "चूक माझी," त्या म्हणाल्या. "मी थर्मामीटर तापाच्याच हातात दिला."

"टाळी मीही वाजवली, मॅडम," शेवंती म्हणाली. "आता काय करायचं ते सांगा."

हॉस्पिटलात काही करण्यात अर्थ नव्हता. संक्रांत तोंडावर होती. शेवंतीने वॉर्डातल्या सगळ्या सिस्टरना आणि मनुबाईला घरी हळदीकुंकवाला बोलावलं, एकीला सोडून. काहीजणी कामाचं निमित्त सांगून आल्याच नाहीत. बाकीच्या आल्या तेव्हा तिळगुळाच्या ताटाशेजारी कर्णिक मॅडम बसलेल्या पाहून दारातच थबकल्या. एकजण परत फिरायला लागली. तुळसा आतल्या खोलीतून बाहेर आली आणि म्हणाली, "माझी नोकरी तर गेलीच आहे. मला काही मिळवायचं नाही. फक्त ती म्हातारी मेली असती, एवढं ध्यानात धरा."

परत फिरलेली सिस्टर चपला काढून आत आली. मग एकेक जण आतल्या खोलीत गेली, दार लावून घेतलं, कागद भरला, पाकीट चिकटवलं. मनुबाईला लिहिता येत नव्हतं. ती मॅडमच्या कानाशी लागून कितीतरी वेळ बोलत होती. मॅडमचा हात थांबत थांबत चालत होता. पूर्वी न रडता गेलेल्या त्या मुलीविषयीही तिने सांगितलं असावं, कारण शेवटी मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले.

या खेपेचा आकडा साऱ्या हॉस्पिटलात सगळ्यात वाईट आला. दोन्ही निकाल शेजारी शेजारी ठेवून मॅडम ट्रस्टींसमोर गेल्या. चौकशी झाली. शेवंतीला विचारलं तेव्हा तिने उभ्याने सगळं सांगितलं, मोसंब्याच्या फोडींपर्यंत. समोरच्या खुर्चीत चंद्रभागा सिस्टर ताठ बसून होती. तिच्या टोपीची कड जराही हलली नाही.

ट्रस्टींनी बराच खल केला. 'कडक शिस्तीचा काहींनी गैरअर्थ काढला' असं कागदावर आलं. तुळसाची नोकरी वाचली, मेमोवर भागलं. औषधाची मात्रा अक्षरांत लिहावी आणि शंका असल्यास नर्सने विचारावं, असा नियम भिंतीवर लागला. चंद्रभागा सिस्टरची बदली बाहेरच्या पेशंटांच्या विभागात झाली. जाताना तिने चाव्यांचा जुडगा शेवंतीच्या हातात दिला आणि फक्त तिलाच ऐकू जाईल असं म्हणाली, "आता तूच घडव त्यांना. कसं घडतात बघू."

तुळसा फार दिवस राहिली नाही. वर्षभरात ती मुरबाडकडच्या सरकारी दवाखान्यात गेली. तिचं बरं चाललं आहे, एवढं कळायचं. शेवंती त्याच वॉर्डाची इन्चार्ज झाली. चहा ती सगळ्यांबरोबर घेई, सुट्ट्या चिठ्ठ्या टाकून वाटी, आणि कुणी प्रश्न विचारला की हातातलं काम ठेवून उत्तर देई. तरी कधी कधी एखादीवर करवादली की समोरच्या चेहऱ्याकडे निरखून बघे, तिथे काय उमटलं ते. कुणी खरं सांगेल अशी तिला खात्री वाटत नसे.

सत्त्याण्णव साली हॉस्पिटलने स्वतःची नर्सिंगची शाळा काढली. गावोगावच्या दहावी झालेल्या पोरी आल्या. त्यांना शिकवायला अनुभवी, शिस्तीचं माणूस हवं होतं. ट्रस्टींनी फार शोधाशोध केली नाही. चंद्रभागा सिस्टर शाळेची मुख्य झाली.

पहिल्या तुकडीतल्या मुली वॉर्डात कामाला आल्या तेव्हा शेवंतीने त्यांना रांगेत उभं पाहिलं. पांढरेशुभ्र ड्रेस, कडक टोप्या, एकीचीही नजर वर नाही. तिने त्यांतल्या एकीला जवळ बोलावलं. केसपेपर पुढे धरला.

"हे अक्षर लागतंय का तुला?"

मुलीने मान हलवली, हो की नाही ते कळेना.

"नसेल लागत तर विचार. मला विचार, डॉक्टरांना विचार. कितीदाही विचार."

मुलगी गोंधळली. तिने दाराकडे एक नजर टाकली आणि अगदी हळू म्हणाली, "पण सिस्टर, विचारायचं नसतं ना?"